मधला आवाज

"आपण नाही उठलो तर आपलं गाणं म्हणणार कोण?" टेग्वेनने चर्चच्या बाकावर नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"कोणी नाही. मरू दे ते," एम्रिस म्हणाला.

वेल्सच्या त्या खोऱ्यात नाताळची गाणी घराण्यांची असतात. ज्याचं गाणं त्यानेच पुढे जाऊन म्हणायचं. दुसऱ्याने त्यात सूर लावणं म्हणजे चोरीच. एम्रिसच्या घरचं गाणं त्याच्या पणजोबाने रचलं होतं. मेंढ्या शोधायला गेलेला त्याचा मुलगा बर्फ वितळल्यावर मेलेला सापडला, त्या वर्षी. शब्द बाळ येशूचे, पण मूळ चाल म्हाताऱ्याने तीन आवाजांतल्या मधल्या आवाजाला दिली, घरच्या पोराला. ज्या ज्या घरातलं कोणी अकाली गेलं होतं, त्यांना ते आपलंच वाटे. त्यासाठी माणसं लांबून येत.

यंदा मधला आवाज नव्हता. वसंतात मेंढ्यांना लाळ्या-खुरकुताने गाठलं, सरकारी माणसांनी सगळा कळप मारून जाळला, आणि पुढे महिन्याभरात मधला सूर लावणाऱ्या त्यांच्या मुलाने, गेथिनने, कोठारात गळफास घेतला. रोग आधी शेजारच्या इडवालकडे आला होता. बाजारातून आणलेली मेंढी लंगडते हे दिसूनही तो मूग गिळून बसला. एम्रिसने त्याचं तोंड पाहणं सोडलं होतं.

आधीचं गाणं संपलं. टेग्वेन एकटीच उठून पुढे गेली. मग एम्रिसलाही बसवेना.

तिचा वरचा सूर, त्याचा खालचा, मध्ये काहीच नाही. चाल सगळ्यांना तोंडपाठ होती, पण रीत ती रीत. सगळे माना खाली घालून बसले. त्यांच्या त्या सभ्यपणाची एम्रिसला चीड आली.

दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरून चाल आली. आवाज फाटका, रडवेला. इडवालचा.

एम्रिस थबकला. टेग्वेन थांबली नाही. तिने फक्त त्याची बाही घट्ट धरली. या माणसाला तो माफ करणार नव्हता, जन्मात नाही. तरी त्याने खालचा सूर पुन्हा लावला आणि जरा हळू ठेवला, चाल ऐकू यावी म्हणून.

बाहेर दारापाशी इडवाल टोपी चुरगाळत उभा होता. "एम्रिस, मी..."

"पुढच्या वर्षी शेवटच्या कडव्यात घाई करू नकोस," एम्रिस त्याच्याकडे न बघता म्हणाला. "गेथिन तिथे श्वास घ्यायचा."