पुसणारा डबा

महेश्वरीला प्रोग्राम लिहिता येत नव्हता, आणि त्याची तिला काडीची लाज नव्हती. सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती अकरा वर्षं एक्स-रे काढत होती. पुण्याच्या कंपनीने यंदा जे सॉफ्टवेअर दिलं, त्यात लिहायचं काही नव्हतंच. पडद्याच्या डाव्या कडेला डब्यांची रांग. एक चित्र उघडणारा, एक उजेड सारखा करणारा, एक फुप्फुसं वेगळी काढणारा, एक डाग शोधणारा. हवा तो डबा माउसने ओढून मधे आणायचा, एकाची तार दुसऱ्याला जोडायची आणि शेवटी दिवा लावायचा. डाग सापडला तर लाल, नाहीतर हिरवा. दोन दिवसांत तिने सगळी साखळी जुळवली. कंपनीचा ऋतुराज, मूळचा अकलूजचा, म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर आमच्या इंजिनीअरांना मागं टाकलं.” बाईने हे ऐकून लाजायला हवं होतं म्हणे. ती म्हणाली, “टाकलंच आहे.”

साखळी बांधली होती डाळमिलमध्ये राबणाऱ्या बायकांसाठी. तुरीचा धुरळा नाकातोंडात घेऊन या बायका वर्षानुवर्षं खोकतात आणि खोकला हवा बदलल्यामुळं आहे असं समजून गप्प बसतात. दवाखान्याची गाडी अक्कलकोटच्या बाजूला गेली आणि दोनशे बायकांचे छातीचे फोटो काढून आली. लाल दिव्याचे फोटो डॉक्टर बघणार, हिरव्यांना ‘नॉर्मल’ असा छापील कागद मिळणार, असं ठरलं होतं.

पण गाडीबरोबर महेश्वरीला पाठवलं नाही, आणि तिथंच माशी शिंकली. त्या भागातल्या लिंगायत बायकांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. ते अंगावेगळं करा म्हटलं तर बाई फोटो न काढताच घरची वाट धरते. महेश्वरी स्वतः लिंगायत, तिने यावर केव्हाच तोड काढली होती. दोरा वर सरकवायचा आणि डबी अंबाड्यात खोवायची. लिंग अंगावरच राहतं, उलट मस्तकी चढतं, आणि छाती मोकळी होते. गाडीवरच्या नव्या टेक्निशियनला हे कुठून ठाऊक? तो म्हणाला, “धातू काढा.” बायका म्हणाल्या, “न्हाय काढत.” मग फोटो तसेच निघाले.

एकतीस फोटोंत छातीच्या मधोमध पांढरी गोल सावली आली आणि साखळीने तिला डाग समजून एकतीस लाल दिवे लावले. ऋतुराजने डोकं चालवलं. त्याने आणखी एक डबा ओढून मधे बसवला, ‘धातू पुसा’ नावाचा. एकतीसही दिवे हिरवे झाले.

शनिवारी हे महेश्वरीच्या ध्यानात आलं. “पुसल्यावर त्या जागी काय भरतो हा?” तिने विचारलं.

“आजूबाजूचं बघून तसंच भरतो. कळतसुद्धा नाही.”

“म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! अन् त्या डबीमागं खरंच डाग असला तर?”

ती तडक डॉ. खटक्यांकडे गेली. दवाखान्याचा कारभार त्यांच्या हातात होता आणि सोमवारी होणाऱ्या या सॉफ्टवेअरच्या उद्घाटनाची पत्रिकाही वाटून झाली होती.

“एकतीस बायकांना परत बोलवायचं म्हणजे आपणच आपलं हसं करून घ्यायचं,” डॉक्टर म्हणाले. “तू फोटो काढ. निदान करायला मी आहे.”

“सर, हिरवे फोटो तुमच्यापर्यंत येतातच कुठं?”

“नोकरी जड झालीय का तुला?”

तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. घर नवरा-बायको दोघांच्या पगारावर चालत होतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि रागाने तिचं डोकं नेहमीच नीट चालायचं. त्या दुपारी तिने आणखी एक डबा जुळवून ठेवला. धातू दिसला की तो काहीही पुसायचा नाही, फक्त पिवळा दिवा लावायचा आणि लिहायचा, ‘फोटो पुन्हा काढा’.

सोमवारी सकाळी हॉल भरला. मुख्य विश्वस्त प्रभुलिंगअण्णा पहिल्या रांगेत बसले. पहिला ‘नॉर्मल’ कागद द्यायला मंचावर बोलावलं होतं नागव्वाला, त्या एकतिसांतल्याच एकीला. साखळी चालवून दाखवायला माउस महेश्वरीच्या हातात दिला होता. ती चूक मात्र सर्वस्वी डॉक्टरांची.

नागव्वाने कागद हातात घेतला आणि महेश्वरीने मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, पुसणारा डबा ओढून बाहेर फेकला. पिवळा जागेवर बसवला, तारा जोडल्या. पडद्यावर एकतीस पिवळे दिवे लागले.

“हे काय?” प्रभुलिंगअण्णांनी विचारलं.

“काही नाही अण्णा, टेक्निकल प्रॉब्लेम,” डॉक्टर घाईने म्हणाले.

“प्रॉब्लेम नाही,” महेश्वरी उभी राहिली. “या एकतीस जणींचे फोटो आपण नीट काढलेच नाहीत. छातीवर लिंगाची सावली होती, ती पुसून नॉर्मल म्हणून सांगितलं. अक्का, तो कागद खरा नाही. बर्री, या, आत चला माझ्याबरोबर.”

“महेश्वरी!” डॉक्टर ओरडले.

“काढू द्या फोटो,” अण्णा म्हणाले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या छातीवरच्या डबीकडे गेला होता.

नागव्वाचं लिंग अंबाड्यात गेलं, श्वास रोखून झाला, आणि नवा फोटो पडद्यावर आला. पांढरी सावली नव्हती. ती होती त्या जागी वाटाण्याएवढा डाग होता. दिवा लाल लागला.

डॉक्टरांनी पडद्याजवळ जाऊन फोटो पाहिला. “साधाही असू शकतो,” ते म्हणाले. “सीटी काढायला हवा.” मग ते सभेकडे वळले. “त्याचं असं आहे, लिंगामुळं डाग झाकला गेला. यात दोष कुणाचाच नाही.”

लोकांनी माना हलवल्या. कुणाचाच दोष नसला की लोकांना बरं वाटतं. महेश्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिच्या आधी नागव्वाच बोलली.

“लिंगाचं नाव घिऊ नगा डाक्टर. त्येनं झाकलं हुतं, ते समद्यांस्नी दिसत हुतं की. पुसलं तुमी.”

नागव्वाने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि एक्स-रेच्या खोलीच्या दारात फतकल मारून बसली.

“बाकीच्या तीस बाया येस्तवर मी हितनं हालत न्हाय,” ती म्हणाली. “बाई, लाव फोन.”

महेश्वरीने यादी उघडली आणि डॉक्टरांना न विचारता पहिला नंबर लावला.