सेरेसचा उजवा हात

लीवननं रंगवलेली सेरेस घरी आली, तेव्हा दिग्नाची नजर आधी देवीच्या उजव्या हातावर गेली आणि तिच्या पोटात दुखू लागलं.

अँटवर्पच्या एका कापड व्यापाऱ्याला जेवणघरात लावायला मोठं चित्र हवं होतं. मधे धान्याची देवी सेरेस, भोवती फळांची रेलचेल. देवी लीवनची, फळं दिग्नाची, ही वाटणी जुनीच. दोघंही तिच्या वडिलांच्या चित्रशाळेत शिकलेली. लीवनसमोर वडिलांनी जिवंत माणसं बसवली. दिग्ना पडली मुलगी, म्हणून तिच्यापुढं फळांची टोपली ठेवली. पन्नाशी आली तरी ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

तीन आठवडे तिनं भोपळे, कणसं, उकललेली अंजिरं रंगवली. गव्हाच्या पेंढीवर सहज टेकलेल्या त्या हाताकडे बघायचं ती टाळत होती. मनगटाखालची निळसर शीरसुद्धा दिसत होती. असा हात तिला जन्मात जमला नसता. द्राक्षांचा घोस देवीच्या मांडीवर यायचा होता. शेवटच्या दिवशी दिग्नानं तो वीतभर वर घेतला आणि अख्खा हात झाकून टाकला.

दुसऱ्या दिवशी लीवनबरोबर व्यापारी घरी आला आणि चित्र बघून गेला. द्राक्षं तोडून खावीशी वाटतात, म्हणाला. लीवन मात्र चित्रापुढून हलेना.

"अकरा दिवस लागले होते मला त्या हाताला, दिग्नाताई."

"माहीत आहे. म्हणूनच झाकला." तिनं मान वर केली नाही. "रंग ओला आहे अजून. पुसते."

"राहू द्या," लीवन म्हणाला. "अशी द्राक्षं मला कधी जमली नाहीत. तुमच्या वडिलांनी दोनदा शिकवून पाहिलं, मग नाद सोडला. तुमची टोपली बघून किती जळायचो मी."

दिग्नाला वाटलं, हा आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय. त्याचा चेहरा पाहिला, तर तसं नव्हतं. तिनं टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवलं आणि घोसाचा वरचा भाग हलकेच पुसला. बोटं पुन्हा दिसू लागली. मनगट द्राक्षांआडच राहिलं. लीवननं तेवढ्यावर भागवलं.

मत्सर काही तेवढ्यानं गेला नाही. जेवणघरात चित्र लागलं, आलेले पाहुणे लीवनभोवती जमले, आणि दिग्ना पुढचे दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही.