माल्टाचे एकटे विमान

मित्रांनो, मी एक जुने, दुहेरी पंखांचे लढाऊ विमान आहे. आहे आपले म्हणायचे. माल्टाच्या किनाऱ्यावरच्या खडकांत माझा सांगाडा पडला आहे आणि त्यात खेकडे नांदतात.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. साम्राज्याचे हे लांबचे बेट राखायला मला खोक्यात भरून जहाजाने धाडले. इथल्या विस्तिनने मला जोडले. तो मूळचा होड्या बांधणारा. माझ्या कापडी अंगाला ठिगळही शिडाला लावावे तसे लावायचा. आम्ही चार भावंडे होतो. आम्ही उडालो की पोरे गच्चीवर चढून टोप्या उडवायची. मग युद्ध पेटले, बॉम्ब पडत गेले, भावंडे जळाली आणि मी एकटे उरले.

राजधानीतले साहेब कळवत, नवी विमाने निघाली आहेत.

"निघालीत म्हणे!" विस्तिनची बायको चेन्सा फणकारायची. "माझी सासूसुद्धा कधीची स्वर्गाला निघालीय!"

बेटावरचे पीठ संपले होते. लेकरे उपाशी निजत होती. त्या दुपारी धान्याचे जहाज येणार होते आणि ते बंदरात शिरेपर्यंत राखायला मी एकटेच. वैमानिक ट्रेमलेट आदल्या दिवशीच बेटावर आलेला. माझा पेट्रोलचा काटा मोडलेला, त्याचे मनगटी घड्याळ हादऱ्याने बंद पडलेले.

"साहेब, पेट्रोल पाचपर्यंतच पुरेल," विस्तिन म्हणाला. "आमच्या चर्चचं घड्याळ वरनं दिसतं. पाचच्या आत उतरा बरं!"

"उतरतो रे. चहा तयार ठेव."

आता ऐका. इथल्या चर्चवर दोन घड्याळे. एक खरे, दुसरे नुसते रंगवलेले, काटे कायमचे साडेचारवर, सैतानाची फसगत व्हावी म्हणून. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. म्हणूनच ते सांगावे असे विस्तिनच्या मनातही आले नाही.

शत्रूची विमाने आली, आम्ही ती हुसकावली. ट्रेमलेटने चर्चकडे पाहिले.

"साडेचारच! जहाज आत जाईपर्यंत थांबू."

टाकी कोरडी होत चालल्याचे मला कळत होते. जीव तोडून ओरडावेसे वाटले, पण यंत्राला वाचा कुठली? जहाज बंदरात शिरले, माझे इंजिन बंद पडले आणि आम्ही किनाऱ्यावरच्या खडकांत कोसळलो.

विस्तिन खडकांवरून ठेचाळत आला, तेव्हा ट्रेमलेट शुद्धीवर होता.

"साहेब, पाच कधीच वाजून गेले! का थांबलात?"

"तुमच्या घड्याळात... साडेचारच होते रे."

विस्तिनने तोंडावर हात दाबले. ट्रेमलेटने पुन्हा डोळे उघडले नाहीत.

त्या दिवशी बेटाला पाव मिळाला. विस्तिनला घास गिळवेना. पुढे नवी विमाने आली. बैल गेला आणि झोपा केला. माझ्याकडे मग कोण बघतो?

मित्रांनो, मला गंज चढला याचे दुःख नाही. एवढेच विनवते, तुमच्या राखणीला कोणी परका आला, तर गावातल्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्टही त्याला सांगा. त्याला ती कोणीच सांगितलेली नसते.