जेवणाच्या सुट्टीतली बारी

समर्थच्या बँडला व्हिडिओ करायचा होता आणि त्यासाठी गर्दी हवी होती. कॉलेजच्या स्पर्धेत गाणं द्यायचं होतं, पॉप-पंक. गिटार बडवायची, उड्या मारायच्या आणि घरच्यांवर चिडून ओरडायचं, असा तो एकूण प्रकार. त्याला समोर उसळणारी माणसं लागतात. बँडचे सगळे दोस्त गोळा केले तरी डिंगोऱ्याच्या टपरीवरचं बाकडं भरत नव्हतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," श्रेया म्हणाली. ती ड्रम वाजवायची आणि व्हिडिओचं नियोजनही तिच्याकडेच होतं. "तुझे वडील बैलगाडा शर्यतीच्या घाटात अनाउन्सर हायेत ना? यात्रेला तिथं मुंगीला जागा नसती. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की स्टेजवर चढायचं, एकदा वाजवायचं, उतरायचं."

सगळे खूश झाले. समर्थनंही मान हलवली आणि तिथंच तो फसला, कारण गाणं त्याच वडिलांवर होतं.

त्याचे वडील भगवंतराव वर्षानुवर्षं जुन्नर-आंबेगावच्या घाटांत माईकवर बोलत आले होते. गाडामालक, त्यांचे बाप, आजे, बैल, पुढं पळणारी घोडी, सगळ्यांची नावं त्यांच्या ओठांवर. बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, सुटायच्या आधी एकेक नाव असं घ्यायचे की मालकाची छाती फुगायची. घरी मात्र पोराचं 'ए' वर भागायचं. 'अख्ख्या गावाची नावं घेता, माझं कधी घेणार?' हे धृपद समर्थनं रागानं लिहिलं होतं आणि तो राग खोटा नव्हता.

जेवताना त्यानं परवानगी मागितली. भगवंतरावांनी एवढंच विचारलं, "गाणं कशावर हाय?"

"मैत्रीवर," समर्थ म्हणाला.

"मग काय हरकत नाय. कमिटीला मी सांगतो. पण आदी भोंग्यावर वाजवून दावा. घाटात आवाज फुटतो."

यात्रेच्या आधीच्या रविवारी समर्थ, श्रेया आणि भगवंतराव असे तिघं रिकाम्या घाटात गेले. श्रेयानं कॅमेऱ्याच्या जागा ठरवल्या. ड्रम स्टेजखाली ठेवायला भगवंतरावांनी मनाई केली, घोडी बुजेल म्हणून. श्रेयानं नियोजनाच्या कागदावर ड्रमची जागा स्टेजच्या मागं सरकवली. मग मोबाइल जोडून तिनं गाणं लावलं. मैत्रीची थाप समर्थनं तिला सांगितलीच नव्हती, लाज वाटली होती.

धृपद भोंग्यांतून निघालं, समोरच्या डोंगरावर आपटलं आणि पुन्हा घाटात आलं. धरणीनं पोटात घ्यावं असं समर्थला झालं. भगवंतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग जाऊन मशीनचं एक बटण थोडं फिरवलं.

"चिरकतंय," ते म्हणाले. "शबूद कळाय पायजेत."

"आबा, ते गाणं..."

"मी वळखीवर कुणाचं नाव घेत नाय. पावणा असू दे नायतर सख्खा भाऊ. गाडा घिऊन घाटात उतरंल, चिठ्ठी धाडंल, त्याचंच घेतो. तू कवा उतरला व्हतास?"

समर्थला राग आला आणि त्याहून जास्त रडू येऊ लागलं, म्हणून त्यानं श्रेयाकडे बघितलं. तिनं नियोजनाच्या कागदाचा कोपरा फाडून पेनासकट त्याच्या हातात दिला. गाडामालक लिहितात तसंच त्यानं लिहिलं: स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव.

भगवंतरावांनी चिठ्ठी हात लांब करून वाचली.

"मदी माजं नाव लिवलंस."

"तशीच रीत हाय ना."

"गाण्यात तर नुसत्या शिव्या हायेत."

भगवंतरावांनी चिठ्ठीची घडी घालून ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, यात्रेला सगळ्यांच्या चिठ्ठ्या ते तिथंच ठेवत. आवाज तपासायला घेतलेला माईक त्यांच्या हातात होता आणि चालू होता, त्यांचा श्वास चारी भोंग्यांतून ऐकू येत होता.

"सुट्टीत तुमची बारी आली की घेतो," ते म्हणाले. "आता घेतलं तर ऐकाय हाय कोण हितं?"

"मी हाय ना, आबा," समर्थ म्हणाला.

भगवंतरावांनी खिशातली चिठ्ठी परत बाहेर काढली.