काचेच्या पेटीतलं पाणी

आमच्या भूजल खात्याच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं की माझं काम सोपं आहे. जमिनीखालचं पाणी कसं चालतं हे लोकांना कळावं म्हणून आमच्याकडे काचेची एक पेटी आहे. हातभर लांब, चार बोटं रुंद, आत वाळू आणि खडीचे थर. वाळूत मधोमध एक नळी खोचलेली असते, ती विहीर. एका टोकाला लाल शाई सोडायची, नळीतून सिरिंजने पाणी ओढायचं, की शाई वाळूतून सरकत सरकत विहिरीत येते. लोक माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जातात. अठरा वर्षं मी ही पेटी उचलून हिंडते आहे. कंबरेची वाट लागली, पण शाई एकदाही चुकली नाही.

त्या दिवशीची मीटिंग नेमकी माझ्या मावशीच्या वस्तीत होती. तिथल्या तीन विहिरींचं पाणी वर्षभरापासून कडवट लागत होतं, आणि सगळ्यात जास्त पोस्टमन काकांच्या. काका रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी वस्तीत सगळे त्यांना पोस्टमनच म्हणतात. शाळेच्या उजवीकडे त्यांचं घर, डावीकडे मावशीची लाँड्री. आई गेल्यावर मावशीने मला त्याच लाँड्रीच्या मागच्या खोलीत लहानाचं मोठं केलं. मी जे काही शिकले ते तिने धुतलेल्या चादरींवर. साबणाचं पाणी ती मागच्या खड्ड्यात सोडते हे वस्तीला माहीत होतं, आणि आजवर त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

शाळेच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं जमली. मावशी पुढच्याच बाकावर बसली, केस नीट विंचरून, भाची काय करते ते बघायला. आमच्या साहेबांनी आधी अर्धा तास भाषण केलं. भूजल, प्रवाहाची दिशा, संरक्षण क्षेत्र, सगळं लोकांच्या डोक्यावरून गेलं. कामाचं एकच वाक्य होतं, ते त्यांनी भरभर उरकलं: इथलं पाणी कुठून कुठे वाहतं हे अजून कोणी मोजलेलं नाही, आणि मोजायला आठ महिने लागतील. मग ते मला म्हणाले, "बाई, दाखवा."

मी शाई सोडली. दुसऱ्या टोकाची तोटी कित्येक वर्षांपासून बुजली आहे, म्हणून मी नेहमी एकाच टोकाला सोडते. त्या दिवशी ते टोक लोकांच्या डाव्या हाताला आलं. लाल रेघ डावीकडून निघाली आणि मुकाट्याने नळीत जाऊन पोचली. या वेळी कोणी मान डोलावली नाही. सगळे आधी पेटीकडे बघत होते, मग डावीकडच्या खिडकीकडे बघायला लागले. खिडकीतून लाँड्रीच्या चादरी दिसत होत्या.

"म्हणजे तिकडून येतंय तर," काका म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं, "काका, ही नुसती पेटी आहे. ही वाळू तुमच्या जमिनीतली नाही."

"वाळू ती वाळूच की."

आता मला राग आला, आणि राग आला की मी शहाणपणा करायला जाते. मी पेटी उचलली, डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून ठेवली आणि पुन्हा शाई सोडली. लाल रेघ आता उजवीकडून निघाली, म्हणजे काकांच्या घराकडून. "बघा," मी म्हटलं, "आता काय म्हणाल?"

मला वाटलं होतं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. झालं भलतंच. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहतं का?" मागून कोणीतरी म्हणालं, सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे वाहत असेल. एक आजोबा खवळले, पाण्याचं असं रोज बदलत असेल तर ऑफिस मोजणार तरी काय? रोपवाटिकावाल्याने शांतपणे सांगितलं की पहिल्यांदा केलं तेच खरं धरायचं, कारण दुसऱ्यांदा पेटी हलली. यावर बऱ्याच जणांचं एकमत झालं. मी समजावत गेले आणि गुंता वाढत गेला. शेवटी मी स्वतःच त्या पेटीकडे संशयाने बघायला लागले.

"हात वर करून ठरवू," रोपवाटिकावाला म्हणाला. "पाणी लाँड्रीकडून काकांकडे वाहतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. तसं ठरलं तर मोजणी होईस्तोवर लाँड्री बंद."

जमिनीखालच्या पाण्याने कुठे जायचं हे माणसं हात वर करून ठरवणार होती. मी साहेबांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते. "लोकसहभाग आहे, बाई," ते हळूच म्हणाले आणि वहीत लिहायला लागले.

हात वर जाऊ लागले. काकांचा हात अर्धाच वर होता, त्यांना मावशीकडे बघवत नव्हतं. मी मोजत पुढच्या बाकापर्यंत आले. मावशीचाही हात वर होता.

लाँड्री बंद ठेवायचं ठरून मीटिंग संपल्यावर मी तशीच लाँड्रीत गेले. इस्त्री करणाऱ्या दोघी बायका डबे उचलून निघाल्या होत्या. मावशी ओले कपडे मशिनमधून काढून बादलीत टाकत होती.

"तू हात का वर केलास?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तूच दाखवलंस ना," ती म्हणाली. "त्या साहेबाने दाखवलं असतं तर भांडले असते मी. तू माझ्याविरुद्ध खोटं कशाला दाखवशील?"

"अगं, ते खरं नव्हतं. खोटंही नव्हतं. पाणी कसं चालतं तेवढंच दाखवायचं होतं. तुझं पाणी कुठे जातं ते नव्हतं त्यात."

तिने हातातली चादर पिळली. तिला यातलं काही कळलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला तरी किती कळलं होतं कोण जाणे.

"मग काकांची विहीर माझ्यामुळे नासली नाही ना?"

"माहीत नाही, मावशी."

"असेल?"

"असेलही. नसेलही."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हे बघ, मला ते आठ महिने नकोत. तू फक्त 'नाही' म्हण. तू म्हणालीस की मी उद्या सकाळी मशिन चालू करते आणि सगळ्यांना सांगते, माझ्या पोरीने सांगितलंय."

एवढाच तर शब्द होता. तो न म्हणता मी बादलीतली दुसरी चादर उचलून पिळायला घेतली. मावशीने भिंतीपाशी जाऊन मशिनचं बटण बंद केलं.