पंधरा मिनिटं लूम बंद

कोंडू भालेरावांना आयुष्यात कुणी गप्प बसवलं नव्हतं. तीस वर्षं एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेली. माइक बंद पडला तरी कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, हे रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालासुद्धा कळायचं. त्यामुळे दोन हजार बावीसच्या जानेवारीत एका सकाळी त्यांच्या मुलीने, धम्मदिनाने, "बाबा, पंधरा मिनिटं तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही," असं बजावलं, तेव्हा आतून त्यांची बायको कलावतीबाई आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "त्यापरीस विमान रद्द कर."

पण विमान रद्द करून चालणार नव्हतं, ते आधीच एकदा रद्द झालं होतं. धम्मदिना अमेरिकेत राहायची. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती एकटीच कामतघरला आली होती. नवरा मिथुन आणि पाच वर्षांची रिया तिकडेच. तीन आठवड्यांसाठी आलेली बाई सहा आठवडे झाले तरी इथेच. रिया रोज फोनवर विचारायची, "मम्मा, तू कधी येणार?" काल तर ती फोनवर आलीच नाही. सोफ्यामागे जाऊन बसली, आणि "मम्मा खोटं बोलते" एवढंच मिथुनने तिच्या वतीने कळवलं. धम्मदिना त्या रात्री जेवली नाही.

आता आज रात्रीच्या विमानात जागा मिळाली होती. पुढची जागा तीन आठवड्यांनी. अट एकच, कोविडची टेस्ट निगेटिव्ह पाहिजे, आणि तीही चोवीस तासांच्या आतली. धामणकर नाक्यावरच्या लॅबवाल्याने हात वर केले. तिसरी लाट चालू, सगळं गाव नाक पुढे करून रांगेत उभं. रिपोर्ट उद्या संध्याकाळी म्हणाला. मग उरल्या त्या धम्मदिनाने तिकडूनच आणलेल्या दोन पेट्या. ही टेस्ट घरीच करायची, पण फोनच्या कॅमेऱ्यासमोर. तिकडची एक बाई पडद्यावरून डोळ्यांत तेल घालून बघणार. नाकात काडी, काडी औषधात, औषध पट्टीवर, आणि मग पंधरा मिनिटं पट्टी टेबलावर जशीच्या तशी. मध्ये कुणी दिसायचं नाही, कुणी बोलायचं नाही, काही हलायचं नाही.

आता कामतघरात काही हलायचं नाही म्हणजे कठीणच. भालेरावांच्या भिंतीला भिंत लावून हरेशचा कापड विणणाऱ्या चोवीस लूमचा गाळा. तो खडखडाट इतका सवयीचा की घरात कपबश्या नाचतात, हे घरच्यांना माहीतच नव्हतं. पहिल्या पेटीच्या वेळी पडद्यावरच्या बाईने घाबरून विचारलं की तुमच्याकडे भूकंप होतोय का, आणि धम्मदिना "नाही" म्हणेपर्यंत औषधाची इवलीशी बाटली चालत चालत टेबलाच्या कडेला गेली आणि खाली पडली. पहिली पेटी बाद.

"भूकंप म्हने!" कोंडू भडकले. "चाळीस वर्सं राहतोय इथं. एकदा तरी घर पडलं काय?"

"बाबा, एकच पेटी राहिलीय," धम्मदिना म्हणाली. तिचा चेहरा बघून कोंडूंनी चप्पल पायात सरकवली आणि तडक हरेशचा गाळा गाठला.

हरेश आतल्या गावचा, भातशेतीवाल्यांचा पोरगा. तोंडाने फाटका, पण मनाने मोठा. कोंडूंनी त्याला बाहेर ओढून सगळी हकिगत सांगितली.

"आपल्या धम्मदिनाचं काम हाय ना काका? मंग बंद. पंधरा मिनटं एक धोटा हलनार न्हाय," हरेश म्हणाला. त्याने मेन स्विच खाली ओढला, कामगारांना म्हणाला, "कोंडूकाका के लिए पंधरा मिनट लूम बंद. कोई आवाज नहीं," आणि आता रिकामाच आहे तर दाढी तरी करून येतो म्हणून सलूनकडे गेला. सगळी गोष्ट ठाऊक असलेला घराबाहेरचा एकमेव माणूस असा दाढीला गेला.

आता त्या गल्लीची एक रीत होती, आणि मुलीच्या काळजीत कोंडू ती साफ विसरले होते. गल्लीत कुणी वारलं की हरेश पंधरा मिनिटं लूम बंद ठेवायचा. त्याच्या बापापासूनची पद्धत. एरवी दिवसा लूम बंद पडायचे ते फक्त लाइट गेल्यावर.

लूम थांबले आणि गल्ली दचकली. खडखडाटात गाढ झोपणारी तान्ही पोरं एकदम उठून भोकाड पसरू लागली. बायकांनी आधी पंख्याकडे पाहिलं. पंखे फिरत होते. म्हणजे लाइट गेली नव्हती. मग सगळ्या दारात आल्या.

इकडे धम्मदिनाने दार आतून लावून घेतलं होतं. कलावतीबाईंना स्वयंपाकघरात बसवलं होतं आणि भांड्याला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली होती. कोंडू दाराबाहेर पहाऱ्याला. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि ते हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

सगळ्यात आधी विठू आला. गल्लीत कुणाकडे काही झालं की विठू हजर. सामान आणणं, नातेवाइकांना फोन, सगळं तोच बघायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. गाळ्यातल्या कामगारांनी त्याला आत्ताच सांगितलं होतं की कोंडूचाचांसाठी लूम बंद आहेत.

"काका," विठू खालच्या आवाजात म्हणाला, "कवा झालं?"

कोंडूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि काम उरकायला अजून किती वेळ आहे ते आठ बोटं दाखवून सांगितलं.

"आठ वाजता," विठूने मागे वळून सांगितलं. मागे तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. "आत हाय ना?"

कोंडूंनी मान डोलावली. धम्मदिना आतच होती की.

"एकदा बघू द्या."

कोंडूंनी दोन्ही हात पसरून दार अडवलं. गर्दीतून हळहळ उठली. माणसाला किती लागलंय बघा, कुणाला जवळ जाऊ देत न्हाय. विठूला मात्र शंका आली. त्याने कोंडूंच्या कानाशी तोंड नेलं. "काका, कोविड?"

अखेर कुणाला तरी समजलं! कोंडूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जोरजोराने मान डोलावली, नाकात काडी घालून फिरवल्याची खूणही केली. त्याबरोबर सगळी गर्दी चार पावलं मागे गटारापर्यंत सरकली, आणि इतका वेळ हनुवटीवर असलेले वीस मास्क एकदम नाकावर चढले. विठूने कुजबुजतच फोन करून पालिकेची गाडी बोलावली आणि एका पोराला हार-मेणबत्त्या आणायला पिटाळलं.

"कलावतीवैनी गो," कुणीतरी हुंदका दिला. "आत्ताच तर डोलं केलं व्हतं."

डोळे केले हे कोंडूंना ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लावण्याइतकं त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सहा मिनिटं उरली होती आणि त्यांच्या मनात भलतंच काहीतरी येत होतं. समजा, पट्टीवर दोन रेघा आल्या तर? पॉझिटिव्ह. पोरीला साधा खोकलासुद्धा नाही, तिला काही होणार नाही. पण विमान जाईल, आणि अजून तीन आठवडे ती सकाळी उठून "बाबा, चहा घेणार का?" विचारेल. कोंडूंना स्वतःची लाज वाटली. तिकडे पाच वर्षांची पोर सोफ्यामागे बसलीय आणि आजोबा इथे दोन रेघा मागतोय. पण मागत होते, हे खरंच. सकाळपासून मागत होते. लूम बंद करायला धावले तेव्हाही.

आनंदीबाई चार दारं सोडून राहायच्या. वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या मास्कबिस्क न लावता सरळ पुढे आल्या आणि त्यांनी कोंडूंचा हात धरला.

"रडून घे बाबा," त्या म्हणाल्या. "दाबून ठेवू नको. जानारं मानूस काय आपल्या हातात असतंय?"

कोंडूंना हुंदका आला. तोंड उघडायचं नव्हतं, मुलीला शब्द दिला होता. मग तो हुंदका डोळ्यांतून बाहेर आला. आवाज न करता कोंडू ढसाढसा रडले. ते बघून बायका पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या, पण आवाज करायचा नाही हे त्यांनाही कळलं होतं, त्यामुळे सगळी गल्ली मुक्याने रडत होती.

आत कलावतीबाईंना लूम बंद झाल्यापासून चैन पडत नव्हतं. लूम कशासाठी थांबले हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गल्लीत कुणी गेलं आणि आपण स्वयंपाकघरात बसून राहिलो, हे काही बरं दिसणार नव्हतं. त्या मागच्या दाराने गुपचूप निघाल्या, वळसा घालून गर्दीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावर पदर घेऊन पुढच्या माणसाला कुजबुजत्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

"कोंडूकाकांची बायको," तो मागे न बघता म्हणाला.

"अगं आई गं," कलावतीबाईंच्या तोंडून निघालं. मग त्या थबकल्या. "म्हंजे कोन?"

माणसाने मागे बघितलं. त्याने किंचाळायला तोंड उघडलं, पण कलावतीबाईंनीच झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. "आवाज करू नको मेल्या, पोरीची टेस्ट चालू हाय!"

बातमी पुढे पुढे सरकत गेली. एकेक मान वळत होती, एकेक जण छातीवर हात ठेवत होता. विठूने हळूच खिशातला फोन काढला आणि पालिकेच्या गाडीला कुजबुजत सांगितलं की नको, येऊ नका, पेशंट उभा राहिलाय.

तेवढ्यात दार उघडलं.

"निगेटिव्ह!" धम्मदिना ओरडली. हातातला फोन तिने उंच धरला होता. मग तिला समोर निम्मी गल्ली दिसली, तीन पांढरे हार, मेणबत्त्यांचा पुडा आणि बाप रडून लाल झालेला. "बाबा! काय झालं?"

पंधरा मिनिटं संपली होती. आता बोलायला मोकळीक होती. गर्दी काय समजली, विठू काय समजला, कलावती कशी मेली आणि कशी उठली, सांगायला ढीगभर होतं. त्यातलं त्यांनी काहीच सांगितलं नाही.

"पॉझिटिव्ह येऊ दे असं मला वाटत व्हतं," ते म्हणाले. "सकाळपासून. तू जाऊ नये म्हनून. बाप हाय का कोन हाय मी?"

धम्मदिनाने हळूच फोन खाली घेतला.

"मलापण वाटलं बाबा," ती म्हणाली. "पट्टीकडे बघत बसले होते ना, तेव्हा. दोन मिनिटं. मग रियाचं तोंड आठवलं आणि स्वतःचाच राग आला."

तेवढ्यात अर्धी दाढी केलेला हरेश धावत आला. सलूनमध्ये त्याला कुणीतरी कलावतीकाकू गेल्याचं सांगितलं होतं. समोर कलावतीबाईंना पाहून तो इतका गोंधळला की त्याने वाकून त्यांच्या पायांनाच हात लावला. सगळे खोखो हसले. सगळ्यांत जास्त कलावतीबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी मुलीला कवेत घेतलं आणि त्यांचं हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही.

"आता का रडतीस?" आनंदीबाईंनी त्यांना विचारलं. "कुनी मेलं न्हाय."

"ती जातीय," कलावतीबाई म्हणाल्या.

आनंदीबाईंनी विठूच्या हातातला एक हार घेतला, धम्मदिनाच्या गळ्यात घातला आणि त्याही रडायला लागल्या. या वेळी आवाज करायला कुणाचीच मनाई नव्हती.