दोन गोळ्यांचा डॉक्टर

देवळाली प्रवरात अमृतचं मेडिकल होतं. भिंतीवरचं लायसन दुसऱ्याच्या नावाचं. तरी गाव त्याला डॉक्टर म्हणायचं आणि हा गडीही खुशाल ओ द्यायचा. त्याच्या वहिनीला, जयाला, त्याचं हसू यायचं. ती संगमनेरला एका लॅबमध्ये नमुने तपासायची.

जयाच्या सासूला, म्हणजे अमृतच्या आईला, छबूबाईंना, वर्षात चौथ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली. दर वेळी अमृतने अँटिबायोटिकच्या जड गोळ्या दिल्या होत्या; जळजळ थांबली की दोन दिवसांत गोळ्या बंद. या वेळी मात्र हुडहुडी भरून ताप चढला. जयाने नमुना लॅबमध्ये नेला.

तिसऱ्या दिवशी तिने जंतू वाढवलेली बशी उजेडात धरली. वेगवेगळ्या औषधांच्या बारा चकत्यांपैकी दहांना जंतू खेटून वाढले होते, जणू औषध नव्हतंच. उरलेली दोन सलाईनमधून द्यायची औषधं. संध्याकाळी तिने रिपोर्ट अमृतच्या काउंटरवर ठेवला.

"भाऊजी, तुमच्या दुकानातली एकही गोळी आता आईंना लागू पडायची नाही."

"लॅब चुकली असंल, वहिनी. माझा हातगुण गावाला ठाऊक हाय." त्याने नवं पाकीट काढलं. "ही बघा, लेटेस्ट."

जयाने रिपोर्टवर बोट ठेवलं. लेटेस्टचं नाव त्या दहांतच होतं.

"अर्धवट मार देऊन सोडलेत तुम्ही जंतू. वाचले ते आता कुणाला भीत नाहीत. आणि ते काही आपल्याच घरात राहणार नाहीत."

अमृतने पाकीट परत फळीवर ठेवलं. विकायला.

छबूबाई अकरा दिवस दवाखान्यात होत्या. किडनीपर्यंत गेलेला आजार कसाबसा आटोक्यात आला. अमृत रोज शहाळं घेऊन यायचा आणि शेजारच्या पेशंटांना औषधं सुचवायचा. छबूबाई डोळे मिटून ऐकायच्या.

घरी परतताना त्या जयासोबत रिक्षातून दुकानापाशीच उतरल्या; घर दुकानाच्या मागेच होतं. काउंटरला गल्लीतली इमामबी उभी होती, सुनेच्या सर्दीचं औषध मागत. अमृतने पट्टीतून कात्रीने दोन जड गोळ्या कापून पुढे सरकवल्या.

"इमामबी, याच्याकडनं साबण घे, कंगवा घे," छबूबाई म्हणाल्या. "गोळी नको घिऊ. मी याची आई हाय, म्हणून सांगते."

अमृत कसनुसा हसला. "तापानं आईचं डोकं फिरलंय."

इमामबी घुटमळली. तिने साबण घेतला. गोळ्याही घेतल्या. पदराला गाठ मारून ती निघाली, तशा छबूबाई दुकानाच्या पायरीवर थुंकल्या आणि जयाचा हात धरून घरात गेल्या.